संशय कोणावर? : रहस्यकथेच्या वाचनाविषयी

मराठीच्या प्राध्यापकांना सध्या काय वाचता आहात असे विचारले, तर उत्तरात रहस्यकादंबरीचे नाव सहसा येत नाही. आलेच तर त्यापाठोपाठ 'प्रवासात वेळ बरा जातो' अशी पुस्तीही येते. कवितासंग्रहाला किंवा आत्मकथनाला अशी पुस्ती कोणी जोडत नाही. म्हणजे आपण रहस्यकथा वाचतो, आवडीनेही वाचतो; मात्र ते वाचन आपल्या 'वाचना'त धरत नाही. विद्यापीठीय अभ्यासक्रमात ती क्वचित येते, आणि आली तरी 'लोकप्रिय साहित्य' नावाच्या प्रकरणात, समाजशास्त्राचे बोट धरून. लोक ती का वाचतात याची चर्चा होते. ती कशी वाचावी याची होत नाही.

आमचे म्हणणे असे आहे की साहित्याच्या वर्गात रहस्यकथा अवश्य शिकवावी, आणि ती लोकाभिरुचीचा नमुना म्हणून नव्हे, तर वाचनाचा पाठ म्हणून शिकवावी. वाचक आपला निष्कर्ष पुराव्यावरून काढतो की पूर्वग्रहावरून, हे या प्रकाराइतके उघडपणे दुसरा कोणताही साहित्यप्रकार दाखवून देत नाही. आणि हा प्रश्न केवळ रंजनाचा नाही. ज्या समाजात संपूर्ण जमाती कायद्याने 'गुन्हेगार' ठरविल्या गेल्या, आणि त्या जमातींतून आलेली आत्मकथने ज्या भाषेच्या अभ्यासक्रमात शिकविली जातात, त्या भाषेच्या विद्यार्थ्याला 'संशय' या गोष्टीचे शिक्षण मिळायला हवे.

प्रथम नेहमीच्या आक्षेपाचा विचार करू. रहस्यकथा एकदा वाचली की संपते, गुन्हेगार कळला की तिच्यात काही उरत नाही, म्हणून ती साहित्य नव्हे, असा हा आक्षेप. तो घेणारे लोक लहान नाहीत. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४५ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच असे होते, की रॉजर ॲक्रॉइडला कोणी मारले याची पर्वा कोणाला आहे? कवी ऑडन यांनी १९४८ साली आपल्याला या कथांचे व्यसन आहे अशी कबुली दिली. पण कथा संपताच ती आपण विसरतो, पुन्हा वाचावीशी वाटत नाही, आणि म्हणून ही कला नव्हे, असा निर्वाळाही दिला.

या आक्षेपाला त्याच रॉजर ॲक्रॉइडकडून उत्तर मिळते. अगाथा ख्रिस्तीची ही कादंबरी १९२६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखिकेने वाचकाला फसविले अशी तक्रार झाली होती. रहस्य काय आहे ते आम्ही येथे सांगणार नाही. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार आम्हांला नाही. एवढेच सांगतो, की उत्तर कळल्यानंतर ती पहिल्या पानापासून पुन्हा वाचावी. तीच वाक्ये, तेच संवाद, तीच दुपार आणि तीच संध्याकाळ. पण प्रत्येक वाक्याचा तोल बदललेला असतो. पहिल्या वाचनात निरुपद्रवी वाटलेली वाक्ये आता थंडगार वाटू लागतात. लेखिकेने काहीच लपविले नव्हते, आपणच वाचले नव्हते, हे ध्यानात येते. दुसऱ्या वाचनात संहिता अशी पालटून दिसावी, ही गोष्ट 'एकदा वाचून संपणाऱ्या' पुस्तकाची खासच नव्हे.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली या प्रकाराची जी मांडणी केली, तिचा येथे उपयोग होतो. त्यांच्या मते रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली आहे, पण पानावर उपस्थित नाही. दुसरी पानावर आहे, पण तिचे सारे महत्त्व पहिलीपर्यंत पोहोचण्यात आहे. 'काय घडले' आणि 'ते कसे सांगितले' हा भेद कथनमीमांसेच्या वर्गात शिकविताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो, आणि विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेतात. रहस्यकथेत हा भेद पारिभाषिक राहत नाही. वाचकाचे सारे कुतूहल त्या दोन रकान्यांमधल्या अंतरातूनच निर्माण झालेले असते.

मराठीत या प्रकाराची उपेक्षा का झाली, याचे एक कारण आपल्या समीक्षेच्या इतिहासात आहे. वाचकांची वाण कधीच नव्हती. गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे लिहिलेल्या 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या कादंबऱ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड ज्यांना ठाऊक नव्हते असे वाचनालय महाराष्ट्रात नसेल. पुढे गुरुनाथ नाईक आले. सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि फिरोज इराणी आले. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने गूढ आणि अद्भुत कथेला हक्काचे घर दिले. वाङ्मयेतिहासाच्या जाडजूड खंडांत मात्र या साऱ्यांच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्या.

ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधना'च्या काळापर्यंत, म्हणजे १९३१च्या सुमारास, गुंतागुंत आणि उकल हे कथेचे सन्मान्य गुण होते. त्या तंत्राचा साचा झाला आणि १९४५ नंतर नवकथेने तो मोडला, ही आवश्यकच गोष्ट होती. परंतु त्या बंडाचा एक अवशेष आपल्या समीक्षेत मागे राहिला. 'घटनाप्रधान' हा शब्द वर्णन करण्यासाठी न वापरता दोष दाखविण्यासाठी वापरला जाऊ लागला. कथानक म्हणजे काहीतरी हलके, असे समीकरण झाले. घटना कशा क्रमाने सांगाव्यात, कोणती माहिती केव्हा द्यावी, कोणती रोखून धरावी, हे प्रश्नच गौण ठरले. ज्या साहित्यप्रकाराचे सारे सामर्थ्य याच प्रश्नांत आहे त्याच्याकडे पाहण्याची दृष्टीही त्याबरोबर गेली.

बंगालीत असे झाले नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय हे ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांचे मान्यवर लेखक. त्यांनी १९३२ पासून ब्योमकेश बक्षीच्या कथा लिहिल्या, आणि त्या त्यांच्या इतर साहित्यापासून वेगळ्या, खालच्या पंक्तीत कोणी बसविल्या नाहीत. सत्यजित राय यांच्या फेलूदाची पहिली कथा १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात आली. त्याहून बोलके उदाहरण सुकुमार सेन यांचे. बंगाली भाषेचा आणि वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्या या भाषाशास्त्रज्ञाने गुन्हेकथांचा स्वतंत्र इतिहासही लिहिला. आपल्याकडील कोणा वाङ्मयेतिहासकाराने अर्नाळकरांवर असा ग्रंथ लिहिला असता तर विभागात काय बोलले गेले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. ब्योमकेशला 'डिटेक्टिव्ह' हा शब्द आवडत नसे, तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवून घेई. हा शब्दभेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. गुन्हेगार शोधणे आणि सत्य शोधणे ही दोन कामे नेहमी एक नसतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. त्यासाठी सर्वांच्या परिचयाची एक कथा घेऊ : आर्थर कॉनन डॉयल यांची 'द स्पेकल्ड बँड', फेब्रुवारी १८९२ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात आलेली. हेलन स्टोनर नावाची तरुणी पहाटेच शेरलॉक होम्सकडे येते. तिची जुळी बहीण दोन वर्षांपूर्वी, लग्नाला पंधरवडा उरला असताना, आतून बंद असलेल्या खोलीत मरण पावली आहे. दोघींचा सावत्र बाप डॉ. ग्रिम्सबी रॉयलॉट हा तापट आणि दांडगा माणूस, एकेकाळी कलकत्त्यात डॉक्टरी करून परतलेला. गावात त्याचे कोणाशी पटत नाही. त्याचे मित्र म्हणजे फक्त भटके जिप्सी, ज्यांना तो आपल्या जमिनीवर पाले ठोकू देतो. मरणाऱ्या बहिणीने अखेरच्या क्षणी एका ठिपकेदार 'बँड'चा उल्लेख केलेला आहे.

एम. ए.च्या वर्गात आम्ही ही कथा हेलनची हकीकत संपते तेथपर्यंत वाचतो आणि थांबतो. विद्यार्थ्यांना दोन गोष्टी कागदावर लिहायला सांगतो. संशय कोणावर आहे? आणि तो कथेतील नेमक्या कोणत्या वाक्यावरून आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भराभर येते. बहुतेकांना सावत्र बाप खटकतो. पण बंद खोलीत त्याने हे घडविले कसे, असे विचारले की अनेकांच्या कागदावर जिप्सी उतरतात. त्याने त्यांच्याकडून करविले असणार! दुसऱ्या प्रश्नाशी मात्र लेखण्या थबकतात. जिप्सींनी काही केले असे सांगणारे एकही वाक्य कथेत सापडत नाही. ते जमिनीवर पाले ठोकून राहतात, एवढेच कथेने सांगितलेले असते. उरलेले वाचकाने आपल्या पदरचे घातलेले असते. 'सर, ते भटके होते ना,' एवढाच आधार उरतो. आणि हे उत्तर देणारा विद्यार्थी वाईट नसतो, तो फक्त तोवर वाचत नसतो.

डॉयल यांची कारागिरी अशी, की येथे त्यांनी होम्सलाही त्याच वाटेने पाठविले आहे. शेवटी होम्स वॉटसनपाशी मान्य करतो, की जिप्सींची उपस्थिती आणि तो 'बँड' हा शब्द या दोहोंमुळे त्याने आरंभी सर्वस्वी चुकीचा तर्क बांधला होता. खोली प्रत्यक्ष पाहिल्यावर तो तर्क त्याने सोडून दिला. घंटेची दोरी ओढली तरी घंटा वाजत नाही. हवेसाठी केलेला झरोका बाहेर न उघडता शेजारच्या खोलीत उघडतो. पलंग जमिनीला पक्का जखडलेला आहे. होम्सची थोरवी त्याला संशय येत नाही यात नाही. दिसणारी वस्तू संशयाच्या आड आली की तो संशय टाकून देतो, यात ती आहे. चांगल्या वाचकाची व्याख्या याहून वेगळी काय असते? कवितेचा आशय मनाशी ठरवून आपण ती वाचू लागतो आणि मग एक ओळ त्या आशयात बसत नाही. अशा वेळी ओळ सोडायची की आशय सोडायचा, हाच तर समीक्षेचा रोजचा प्रश्न आहे.

या कथेतील चकवा एका शब्दावर उभा आहे. इंग्रजी 'बँड'चा अर्थ टोळी असाही होतो आणि पट्टा असाही. मराठी अनुवादकापुढे येथे मोठा पेच आहे. 'टोळी' म्हणावे तर अनुवाद खोटा पडतो. 'पट्टा' म्हणावे तर जिप्सींकडे बोट वळतच नाही आणि कथेचा अर्धा डाव उघडा पडतो. 'बँड' तसाच ठेवावा तर मराठी वाचकाच्या कानात वरातीचे वाद्य वाजू लागते, आणि तेही लग्न ठरलेल्या मुलीच्या मृत्यूच्या प्रसंगी! अनुवादाच्या तासाला यावर हवी तेवढी चर्चा होऊ शकते. पण त्यापलीकडची गोष्ट अशी, की एका शब्दाच्या दोन अर्थांपैकी आपण 'टोळी' हा अर्थ आधी उचलतो, कारण शेजारी भटक्यांची पाले दिसतात. शब्दाचा अर्थ आपण कोशातून घेत नाही, पूर्वग्रहातून घेतो. श्लेष हा अलंकार आपण परीक्षेपुरता शिकवितो. श्लेषामुळे माणसे संशयित ठरू शकतात, हे ही कथा शिकविते.

जिप्सी हे इंग्लंडचे. मराठी विद्यार्थ्याने ते प्रत्यक्ष पाहिलेले नसतात. तरी त्याचा संशय तेथे का जावा? कारण 'भटके' या शब्दाला आपल्याकडे स्वतःचा इतिहास आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, आणि १९२४ पर्यंत त्याची व्याप्ती देशभर झाली. विशिष्ट जमातीत जन्मणे हाच संशयाला पुरेसा आधार ठरला. पोलिसांकडे नोंदणी, हजेरी, हालचालीवर बंधने, आणि काहींच्या वाट्याला सोलापूरसारख्या ठिकाणच्या कुंपणबंद 'सेटलमेंट' वसाहती. हा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या; परंतु पुढे आलेल्या सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी आणि लोकांच्या सवयीने तो संशय जिवंत ठेवला. गावात चोरी झाली की आधी पालांवर जायचे, ही 'तपासा'ची पद्धत कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

होम्सच्या कथा ज्या साम्राज्याने वाचल्या, त्याच साम्राज्याने हा कायदा केला. येथे रहस्यकथा दोन बाजूंना ओढली जाते, आणि म्हणूनच ती अभ्यासण्याजोगी आहे. एका बाजूला तिचा मूळ करार असा आहे, की अपराध व्यक्तीचा असतो, जमातीचा नसतो, आणि तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो. विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' १८६८ची, म्हणजे त्या कायद्याच्या तीनच वर्षे आधीची. हिंदुस्थानातून लुटून नेलेला हिरा इंग्लंडमधील एका घरातून नाहीसा होतो, आणि पोलिसांचा पहिला संशय जातो तो घराबाहेर दिसलेल्या तीन हिंदी माणसांवर. त्यांना अटकही होते. मग तो जातो पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेल्या मोलकरणीवर. कादंबरी जसजशी उलगडते, तसतशा या सोप्या वाटा एकेक बंद होत जातात. ज्याच्या मदतीने सत्य बाहेर येते तो एझ्रा जेनिंग्ज हाही चमत्कारिक रूपामुळे आणि मिश्र वंशामुळे लोकांनी दूर ठेवलेला माणूस आहे. दिवाणखान्यातल्या प्रतिष्ठितांना कॉलिन्स यांनी सुखाने बसू दिलेले नाही.

दुसऱ्या बाजूला हाच प्रकार पूर्वग्रहावर पोसलाही गेला आहे. डॉयल यांच्याच 'द साइन ऑफ फोर' (१८९०) या कादंबरीत अंदमानचा टोंगा हा विषारी काटे फुंकून मारणारा, माणूस आणि पशू यांच्या सीमेवरचा प्राणी म्हणून रंगविला आहे, आणि तेथे संशय खराही ठरतो. 'स्पेकल्ड बँड'ने जे शिकविले ते येथे पुसले जाते. परदेशी खलनायकाची ही खोड इंग्रजी थरारकथांत इतकी बोकाळली, की रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले तेव्हा त्यांत कथेत चिनी माणूस आणू नये असाही एक नियम होता. आज तो वाचताना विचित्र वाटतो. पण त्याचा रोख चिनी माणसांवर नव्हता, चिनी माणूस दिसताच खलनायक सापडला असे मानणाऱ्या आळशी लेखनावर होता. ज्या साहित्यप्रकाराला आपल्या पूर्वग्रहाविरुद्ध नियम करावासा वाटला, त्याला अगदीच निर्बुद्ध म्हणता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) पुन्हा वाचावे. १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे आत्मकथन आपण दलित-ग्रामीण-भटके या प्रवाहांच्या चौकटीत शिकवितो, आणि ते योग्यच आहे. पण रहस्यकथेनंतर ते वाचले की त्याची एक निराळी बाजू दिसू लागते. येथे 'मी' हा संशयित आहे. त्याच्या जन्माआधीच तपास संपलेला आहे आणि निकाल लागलेला आहे. पुरावा मागणारे कोणी नाही. रहस्यकथा संशयापासून सत्याकडे जाते; येथे निवेदकाला सत्य आरंभापासून ठाऊक आहे, आणि संशय हटविण्याची सत्ता मात्र त्याच्याकडे नाही. एकाच सत्रात ही दोन पुस्तके लागोपाठ वाचली, तर 'पुरावा' या शब्दाचे वजन विद्यार्थ्याला कळेल. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे तिसरे पुस्तक म्हणून घ्यावे. तेथे खेळ म्हणून आरोपी निवडला जातो, आणि मग त्या आरोपीला शोभेल असा गुन्हा सर्वजण मिळून तिच्या आयुष्यातून खोदून काढतात. रहस्यकथेत गुन्ह्यावरून गुन्हेगार शोधायचा असतो. लीला बेणारेच्या बाबतीत हा क्रमच उलटतो.

आमच्या या मांडणीवर कोणी असे म्हणेल, की रहस्यकथेची टापटीप खोटी आहे. आयुष्यात सगळे धागे जुळत नाहीत, आणि हुशार तपासही हरतो. हे खरे आहे. स्विस लेखक फ्रीडरिश ड्युरेनमाट यांनी १९५८ साली 'वचन' या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहून तिला रहस्यकादंबरीची शोकप्रार्थना असे उपशीर्षकच दिले. तिच्यातला पोलीस अधिकारी तर्काने बरोबर असतो, पण एक आंधळा योगायोग त्याचा तर्क कधीच सिद्ध होऊ देत नाही. पण ही शोकप्रार्थना ज्याने रहस्यकादंबरी वाचली आहे त्यालाच कळते. वृत्त ठाऊक नसलेल्याला मुक्तछंदाचे धाडस कळत नाही, तशातलीच ही गोष्ट.

मराठी रहस्यकथेविषयीही काही परखडपणे बोलले पाहिजे. तिचा अभिमान बाळगावा तो तिच्या वाचकसंख्येबद्दल आणि वेगाबद्दल. वाचकापुढे सर्व दुवे प्रामाणिकपणे ठेवून त्याला आव्हान देणारी तर्कप्रधान कथा आपल्याकडे कमी लिहिली गेली. झुंजार आणि काळापहाड हे तर्कापेक्षा साहसाचे नायक. महिन्यामागून महिने पुस्तके पुरविणाऱ्या लेखकाला दुवे पेरायला आणि पुन्हा तपासायला उसंत कोठून मिळणार? परंतु यातही एक अभ्यासाचा विषय दडलेला आहे. कायद्याच्या चौकटीबाहेर राहून न्याय करणारा काळापहाड मराठी वाचकाला इतका जवळचा का वाटला? इंग्रजी वाचकाचा विश्वास स्कॉटलंड यार्डच्या वर होम्सवर होता. आपल्या वाचकाला पोलीसही नको आणि खासगी हेरही पुरेना, त्याला पोलिसांच्या संशयातलाच नायक हवा होता. असे प्रश्न विचारायचे तर ती पुस्तके आधी वाचावी लागतील, आणि ग्रंथालयांच्या कपाटांत त्यांना जागा ठेवावी लागेल. अर्नाळकरांची जुनी पुस्तके मिळवायला आज संशोधकाला रद्दीवाल्याकडे जावे लागते, हे काही आपल्या विद्यापीठांना भूषणावह नाही.

आता वर्गाविषयी. आपल्या विद्यार्थ्याचा वाचनाशी संबंध कसा येतो, हे आपण जाणतो. कादंबरी हाती येण्याआधी तिच्यावरच्या तयार नोट्स हाती येतात. 'सदर कादंबरीतून लेखकाने अमुक समस्येचे दर्शन घडविले आहे' हे वाक्य पाठ झाल्यावर कादंबरी उघडली तर उघडली. पूर्वी गाइड होते, आता तेच मोबाईलवर आले आहे. उत्तर आधी आणि वाचन नंतर, हा क्रम इतका रुळला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणालाच वाटत नाही. जिप्सींवर बोट ठेवणारा विद्यार्थी आणि नोट्समधला आशय उतरविणारा विद्यार्थी एकच असतो. दोन्हीकडे निकाल आधी लागलेला असतो आणि संहिता केवळ शिक्का मारण्यापुरती उरलेली असते. रहस्यकथा हा क्रम चालू देत नाही. उत्तर आधी कळले तर तिचे पहिले वाचन नासते, हे विद्यार्थ्याला कोणी सांगावे लागत नाही. शेवट फोडणाऱ्या मित्रावर तो रागावतो. हाच राग त्याला कादंबरीचा आशय आधी सांगणाऱ्या गाइडविषयी यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

धोका अर्थातच आहे. उद्या एखादी रहस्यकादंबरी अभ्यासक्रमात नेमली, तर परवा तिचे गाइड निघेल आणि त्याच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव छापलेले असेल. 'रहस्यकथेची वैशिष्ट्ये सांगून नेमलेल्या कादंबरीच्या आधारे स्पष्ट करा' असा प्रश्न येईल, आणि आणखी एक साहित्यप्रकार पंधरा गुणांच्या उत्तरात गाडला जाईल. म्हणून नेमणूक करताना परीक्षेची पद्धतही बदलली पाहिजे. कथनमीमांसेच्या पत्रिकेत एक न वाचलेली कथा द्यावी, तिची शेवटची पाने काढून टाकलेली असावीत, आणि विद्यार्थ्याने आपला संशय कथेतील वाक्ये दाखवून सिद्ध करावा. उत्तर चुकले तरी चालेल. वाक्ये दाखविली असतील तर गुण द्यावेत, आणि उत्तर बरोबर असून आधार नसेल तर ते कापावेत. या परीक्षेचे गाइड काढता येणार नाही.

शेवटी पुन्हा 'स्पेकल्ड बँड'विषयी एक गोष्ट. तिच्यात खून किती, असे विचारले की वर्गातले सगळे बहिणीच्या मृत्यूपासून मोजायला लागतात. वस्तुतः हेलनच्या हकिकतीत, अगदी आरंभी, आणखी एक मृत्यू येऊन जातो. घरात चोऱ्या झाल्या म्हणून संतापाच्या भरात रॉयलॉटने कलकत्त्यात आपल्या हिंदी बटलरला मारहाण करून ठार केले होते. फाशी थोडक्यात चुकली, तुरुंगवास झाला, आणि पुढे तो इंग्लंडला परतला. हा मृत्यू कथेत रॉयलॉटचा तापटपणा कळावा एवढ्यासाठीच आहे. त्या चोऱ्या कोणी केल्या होत्या? बटलरने केल्या होत्या असे कथा सांगत नाही. त्याचे नावही ती सांगत नाही. होम्स त्याविषयी एक प्रश्न विचारत नाही, वॉटसनही नाही. संशयावरून ठार झालेला पहिला माणूस या कथेत आहे, आणि त्याचा तपास सव्वाशेहून अधिक वर्षे कोणा वाचकाकडे तरी पडून आहे. आपल्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याने पान मागे उलटून त्या वाक्यावर बोट ठेवले, तर त्याला वाचता येऊ लागले असे आम्ही समजू.